मुके बघायची पैज

पिंपरी, १९ नोव्हेंबर १९५६

रंभा हिस आशीर्वाद, आणि हे पत्र ओसरीवर बसून तुला वाचून दाखवणाऱ्या मामांना नमस्कार. येसूचा एक गालगुच्चा मामांनी माझ्या वतीने घ्यावा. हळू घ्यावा, त्यांचा हात जड आहे.

मामांचं पत्र पोचलं. दोन्ही बाजूंनी गच्च लिहिलेलं होतं, पण त्यात तू सांगितलेलं एकही वाक्य सापडलं नाही. तू काही सांगितलंच नाहीस, की सांगितलेलं वाटेत गळालं, हे इथे बसून मला कळायला मार्ग नाही. बायकोचं पत्र सासऱ्याच्या अक्षरात वाचायचं म्हणजे काय असतं ते ज्याचं त्यालाच ठाऊक. पुढच्या खेपेला निदान येसू काय खाते आणि कुणाशी भांडते एवढं तरी कळव.

माझं म्हणशील तर इस्पितळातून सुटल्याला बरेच दिवस झाले. छातीचा फोटो स्वच्छ आहे. खोकला नाही, रक्त नाही, डॉक्टरांनी तसं लिहूनही दिलंय. मी अंथरुणाला खिळलो तेव्हा मामा तुम्हा दोघींना कुरुळीला घेऊन गेले, ते बरोबरच केलं. घरात क्षयाचा माणूस आणि मांडीवर रांगतं पोर, दुसरा कुणी बाप वेगळं काय करणार होता? पण आता क्षय गेला. आता तुम्ही दोघी परत या, मला दुसरं काही नको.

कामही आहे. पिंपरी कॅम्पाच्या मागे अन्वर मिस्त्रीचं ऑइल इंजिनं दुरुस्त करायचं वर्कशॉप आहे, तिथे फिटर म्हणून लागलोय. खोली वर्कशॉपला लागूनच आहे, कौलं नवी घातलीत.

मामा लिहितात, आधी कुरुळीला येऊन चार माणसांत बस, बोल, तब्येत दाखव, मग पोरीला पाठवायचं बघू. येईन. सध्या कामाचा रेटा आहे. आणि मेहुण्यांबद्दल लिहिलंय की पिंपरीच्या बाजारात चिमाजी मागून हाका मारत राहिला आणि मी कानाडोळा करून निघून गेलो. रंभा, तुझा भाऊ मला परका आहे का? बाजारात गलका असतो, शेजारी पिठाची गिरणी चालू होती. त्याने पुढे येऊन खांद्यावर हात ठेवला असता तर मी त्याला चहा पाजला असता. राग सोड म्हणावं.

जागा संपत आली म्हणून करमणुकीचं थोडक्यात लिहितो. अन्वरशी पैज लागलीय. त्याच्या वडिलांकडचे सगळे मुके पाडव्याच्या आत बघून संपवायचे. दर रविवारी दुपारी खिडक्यांना गोणपाट लावून बघत बसतो. गेल्या रविवारी दोन बघितले. एक गोड होता, दुसरा फार लांबला.

ज्योतीराम

पिंपरी, १२ डिसेंबर १९५६

रंभा हिस आशीर्वाद. मामांना नमस्कार, आणि खाली जे लिहितोय ते त्यांनी आधी मनात वाचून घ्यावं, मग मोठ्याने.

मामांचं कार्ड आलं. ते लिहितात, ‘जावई पिंपरीस राहून दर रविवारी मुके बघतो व त्यातला एक गोड होता, हे वाक्य तोंडातून बाहेर पडेपर्यंत आमच्या ध्यानात आले नाही. ओसरीवर लेकीसुना बसल्या होत्या. तोंड दाखवायला जागा उरली नाही.’

मामा, मुका म्हणजे न बोलणारा. अन्वरचे वडील रहिमानचाचा उभी हयात जत्रांतून तंबू लावून सिनेमे दाखवत आले. त्यांच्या धंद्यात सिनेमाच्या दोनच जाती, बोलके आणि मुके. बोलके येण्याच्या आधी जे होते ते मुके. माणसं पडद्यावर तोंड हलवतात, आवाज नाही. मधेच पडदा काळा होतो आणि कोण काय म्हणालं ते अक्षरांत येतं, मराठीत, गुजरातीत आणि इंग्रजीत. असल्या सिनेमांच्या डब्यांची थप्पी चाचांकडे पडून आहे. त्यांना आता कुणी विचारत नाही. पाडव्याला पुण्याचा एक बांगड्यांचा कारखानदार येऊन त्या फिल्मा वजनावर घेऊन जाणार. धुतल्या की चित्र निघून जातं, खाली राहिलेल्या पट्टीच्या बांगड्या होतात. अन्वर म्हणाला, हे सगळे ओळीने बघणारा माणूस पिंपरीत जन्मला नाही. मी म्हणालो, मी बघतो, एकही न सोडता. हरणाऱ्याने वर्षभर वर्कशॉप झाडायचं. एवढंच आहे. यात कुणी कुणाचा मुका घेत नाही, आणि घेतला तर मी डोळे मिटून घेईन.

खरं सांगायचं तर यातले काही फार वाईट आहेत. एकात राजाचं लग्न लागतं आणि लगेच त्याचे केस पांढरे दिसतात, कारण मधली फिल्म उंदरांनी खाल्ली. एकात बाई किल्ल्यावरून उडी टाकते आणि खाली पडताना तिचा पदर पांढऱ्याचा काळा होतो. पण एक होता, एका धनगराची बकरी हरवते आणि तो ती शोधत गावोगाव फिरतो, एवढाच. शेवटी बकरी सापडते तेव्हा तो तिच्याशी काहीतरी बोलतो. काय बोलतो ते अक्षरांत दिलेलं नाही. मला ते अजून डोक्यातून जात नाही.

मामांनी संक्रांतीनंतर यायची ताकीद दिलीय. नाही आलो तर पोरीचा वेगळा विचार करू, असंही आहे. जानेवारीच्या शेवटच्या रविवारी येतो. नक्की.

येसूला आता किती बोलता येतं?

ज्योतीराम

पिंपरी, ६ जानेवारी १९५७

रंभा,

हे पत्र टपालाने आलेलं नाही. चाकणच्या आठवडी बाजारात तू भाजी घेऊन बसतेस, तिथे तुझ्या शेजारी जी बाई येऊन बसलीय ती अन्वरची बायको, बिल्किसवहिनी. तिचं माहेर चाकणचं, मराठी शाळेत शिकलेली आहे. ती हळू आवाजात वाचेल. मामांना यातलं काही सांगायचं नाही. चिमाजीला नाही, कुणालाच नाही. आधी शपथ घे, मग पुढचं ऐक.

मला ऐकू येत नाही.

क्षयावर ज्या सुया टोचल्या त्यांनी छाती बरी केली आणि कान नेले. आधी कानात सारखं घूं वाजायचं. मला वाटलं अशक्तपणा आहे. मग इस्पितळातली माणसं कुजबुजायला लागल्यासारखी झाली, आणि एका सकाळी शेजारच्या खाटेवरचा माणूस तोंड वासून खोकताना दिसला आणि आवाज आलाच नाही. डॉक्टरांनी कागदावर लिहून दाखवलं की असं काहींना होतं, जीव वाचला यात समाधान माना. मी त्याच कागदाखाली लिहिलं की समाधान तुम्ही माना. ते हसले. काय हसले ते ऐकू आलं नाही.

आता शेजारी कुणी ऐरणीवर घण घातला तरी मला फक्त पायाखालची जमीन हललेली कळते. इंजिनावर तळवा ठेवला की त्याची धडधड कळते, म्हणून काम चालतंय. अन्वर माझ्याशी पाटीवर लिहून बोलतो. चिमाजीच्या हाका मी ऐकल्याच नाहीत ग. कानाडोळा केला म्हणतो, त्यातला कान राहिला नाही, डोळाच काय तो शिल्लक आहे.

मामांना हे कळलं तर काय होईल ते तुला माझ्याहून जास्त माहीत. क्षयाचा होता तो आता बहिराही निघाला, म्हणजे पोरगी कशाला पाठवायची? म्हणून लपवलंय. चार माणसांत बसून एकदा नीट बोलून दाखवलं, तुम्हाला घरी आणलं, की मग हळूहळू कळलं तरी चालेल.

आणि म्हणून मुके बघतोय. पैज वगैरे नंतर लागली. आधी माणूस तोंड हलवतो, मग त्याचे शब्द अक्षरांत येतात. अक्षरं वाचायची, ओठ आठवायचे, पुन्हा डबा लावायला सांगायचं. असं करत करत ओठांवरून बोलणं ओळखायला शिकतोय. ‘थांबा’ मला आता ओळखता येतं, ‘महाराज’ येतं, ‘बाळ’ येतं. अन्वर कंटाळून जांभया देतो, पण हँडल फिरवतो. आणि तुला एक सांगू? त्या खोलीत त्या वेळी अन्वरही बहिरा असतो आणि मीही. दोघांनाही सारखंच दिसतं. इस्पितळातून आल्यापासून मी माणसांत बसल्यासारखा फक्त तिथेच बसतो.

तुझा आवाज मी आठवून ठेवलाय. दळताना म्हणतेस तो वेगळा, माझ्यावर चिडतेस तो वेगळा, दोन्ही आहेत. पण येसू गेली तेव्हा नुसती ‘बाबा’ आणि ‘मम्’ म्हणत होती. आता ती वाक्यं बोलत असेल. तिचा आवाज माझ्याकडे नाहीच. हे मला सहन होत नाही, आणि इथे कुणाला सांगायचीही सोय नाही.

मी येईन तेव्हा माझ्याकडे तोंड करून बोल. सावकाश. बाकी काही नको.

ज्योतीराम

पिंपरी, २२ जानेवारी १९५७

रंभा,

हेही बिल्किसवहिनीच वाचतेय.

तिने येऊन पाटीवर लिहिलं की तू सगळं ऐकलंस, बराच वेळ मेथीच्या जुड्या उगीच वर-खाली केल्यास आणि म्हणालीस, ‘कुनाला सांगनार न्हाई म्हनावं. तुमी फकस्त या.’ ती पाटी मी दिवसभर पुसू दिली नाही. अन्वरला इंजिनाचं माप लिहायला दुसरी पाटी आणावी लागली.

पण इकडे माझं सगळं ओमफस झालंय. मागच्या पत्रानंतरच्या रविवारी नवरा लढाईवर निघतो तो आधी बघितलेला मुका पुन्हा लावला होता. बायको दारात उभी राहून निरोप देते. अक्षरं आली, ‘नाथ, थांबा, माझे मन घाबरते.’ मी तिचे ओठ पुन्हा पुन्हा बघितले, आरशात स्वतःचे तसे करून बघितले. रहिमानचाचा मागे बसले होते. ते एकदम पोट धरून हसायला लागले. अन्वरने पाटीवर लिहून दाखवलं. चाचा तरुणपणी डबे आणायला सिनेमा कंपनीत जायचे तेव्हा त्यांनी असली कामं चालू असताना बघितलीत. आवाज कुठे भरायचा नव्हता, मग नट वाटेल ते बोलायचे. ही निरोप देणारी बाई तर गुजराती, तिला मराठीचा गंध नाही. त्या वेळी ती चोळी घट्ट झाली म्हणून शिंप्याला शिव्या देत होती. चाचांनी स्वतः ऐकलंय.

म्हणजे इतके दिवस मी जे ‘थांबा’ म्हणून पाठ केलं ती गुजराती शिवी आहे.

मी पाटी फेकली आणि उठून बाहेर गेलो. दोन दिवस कुणाशी बोललो नाही. बहिऱ्याने न बोलण्यात काय विशेष, पण तरी. मग चाचांना वाईट वाटलं. मुक्यांच्या काळात ते पडद्याशेजारी उभे राहून सगळी अक्षरं मोठ्याने म्हणायचे, कारण तंबूतल्या कुणाला वाचता यायचं नाही. ती त्यांना अजून तोंडपाठ आहेत. आता ते कंदील तोंडाजवळ धरून पडद्याशेजारी बसतात आणि अक्षरं आली की माझ्याकडे बघून म्हणतात. त्यांचे पुढचे दात गेलेत, दाढी कापून ठेवलीय, त्यामुळे ओठ स्वच्छ दिसतात. आठवडाभरात मला पुष्कळ कळायला लागलं. बिल्किसवहिनीचं तर निम्मं कळतं. तिने ‘साखर संपली’ म्हटलेलं मी बरोबर ओळखलं आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

येत्या रविवारी येतोय. मला फक्त एका गोष्टीची धास्ती आहे, ती म्हणजे मामांची मिशी. खालचा ओठसुद्धा दिसत नाही. लग्नात मला ती रुबाबदार वाटली होती. आता रात्रंदिवस तीच डोळ्यांपुढे येते. सगळा वेळ तिच्यावरच नजर ठेवीन, जरा हलली की समजून घेईन. कळलं नाही तर मान डोलावीन. मोठ्या माणसांपुढे मान डोलावली की सहसा चुकत नाही.

ज्योतीराम

पिंपरी, ५ फेब्रुवारी १९५७

रंभा,

मामांचं पत्र काल आलं. मी ते तीनदा वाचलं आणि चौथ्यांदा अन्वरला वाचायला दिलं, मी चुकीचं वाचतोय की काय म्हणून. तो वाचून माझ्याकडे बघायला तयार नव्हता.

मला कुरुळीतलं जसं दिसलं तसं आधी तुला सांगतो. आलो तेव्हा येसू तुझ्यामागे लपली. ओळखलं नाही, चालायचंच. मामांनी गळाभेट घेतली, चिमाजीने तांब्या पुढे केला. मटण तुझ्या हातचं होतं, ते मला कुणी सांगायला नको. जेवण झाल्यावर ओसरीवर बसलो. भावकीतले दोन म्हातारे आले, मला वाटलं जावई बघायला आलेत. पानाचं ताट फिरलं. मी आल्यापासून मामांच्या तोंडावरची नजर हलवली नव्हती, मान अवघडून गेली होती. तब्येतीबद्दल विचारलं ते कळलं, कामाबद्दल विचारलं तेही कळलं, उत्तरं दिली. मला वाटलं, जमतंय. मनातून इतका खूश झालो की तोंडात विडा फिरवत बसलो.

मग मामा खूप वेळ बोलले. मिशी हलत होती, थांबत होती, पुन्हा हलत होती. त्यातलं एक अक्षर कळलं नाही. शेवटी सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी मान डोलावली. मामांनी पुन्हा काहीतरी थोडं विचारलं. मी पुन्हा डोलावली, हसूनही बघितलं. मग त्यांनी कडब्याची एक काडी माझ्यापुढे ठेवली.

रंभा, माझ्या दाढेत मटणाचा दोरा अडकला होता. जेवल्यापासून मी जीभ घालून तो काढायच्या खटपटीत होतो. मला वाटलं मामांनी ते बघितलं आणि दात कोरायला काडी दिली. मला त्यांची माया वाटली. काडी लांब होती म्हणून मी ती मोडली आणि अर्ध्या काडीने दात कोरायला लागलो. ओसरीवर सगळे गप्प झाले असणार. पण मला सगळे नेहमीच गप्प असतात.

आता मामांचं पत्र ऐक. ‘आम्ही चार माणसांत विचारले की तुझी प्रकृती नाजूक, संसार ओढवणार नाही, तर पोरीला मोकळी करतोस काय? तू होय म्हणालास. पुन्हा विचारले, तू हसून होय म्हणालास. रीतीप्रमाणे काडी पुढे ठेवली, ती तू मोडलीस, आणि मोडलेल्या काडीने आमच्या समोर दात कोरलेस. काडीमोड आम्ही पुष्कळ पाहिले. अशी बेपर्वाई पाहिली नाही. कामाच्या निमित्ताने पिंपरीस मजा मारणाऱ्यास आमच्या लेकीची गरज नाही हे आम्हास मुक्यांच्या पत्रातच कळायला हवे होते. शेलपिंपळगावचे एक स्थळ आहे, बिजवर पण घरचा चांगला. या महिन्याच्या शेवटच्या रविवारी भावकी बसेल व पोरीचा पाट लावून देण्याचे ठरेल.’

आता मला तुझ्याशी भांडायचंय. तू घरातच होतीस. स्वयंपाकघराचं दार ओसरीवरच उघडतं, तिथे सगळं ऐकू येतं. मला ऐकू येत नाही हे त्या घरात फक्त तुला माहीत होतं. तू एक शब्द बोलली असतीस तर? ‘आबा, त्यांना कळलं नाही’ एवढं म्हणायला काय लागत होतं? भांडं आपटायचं होतं, येसूला माझ्या अंगावर सोडायचं होतं. नवरा तिकडे काडी मोडतोय आणि तू आत काय करत होतीस, भाकरी थापत होतीस? की तुलाही तेच हवं होतं? शेलपिंपळगावच्या माणसाला निदान हाक मारली तर ऐकू येत असेल.

बिल्किसवहिनी, हे सगळं वाचून दाखव. मधलं काही गाळू नकोस.

ज्योतीराम

पिंपरी, २० फेब्रुवारी १९५७

रंभा,

बिल्किसवहिनी काल चाकणहून आली ती वर्कशॉपच्या दारातच उभी राहिली. पदर आवळला, माझ्याकडे तोंड केलं आणि सावकाश बोलली, पाटी न घेता, कारण तू तसंच सांगायला सांगितलं होतंस. मला पहिल्या झटक्यात कळलं नाही. दुसऱ्यांदा कळलं, पण मी न कळल्यासारखं केलं. मग तिने पाटी घेतली आणि तुझे शब्द जसेच्या तसे लिहिले. पत्रातलं वाचताना ‘भाकरी थापत होतीस’ इथे तू तिला थांबवलंस, हेही तिने लिहिलं. आणि मग हे:

‘म्या दारात उभी व्हते. आबांच्या मागं, त्यांच्या समूर. तोंडानं म्हनत व्हते, न्हाई म्हना, न्हाई म्हना. आवाज न्हाई काढला, कुनाला कळू द्यायचं न्हाई असं त्यांनीच सांगितलं व्हतं, शपथ घातली व्हती. काडी ठेवली तवा तर हातबी हालवला. त्यांनी एकदाबी माज्याकडं बगितलं न्हाई.’

मी तिथेच इंजिनाच्या चौथऱ्यावर बसलो.

रंभा, मी सगळा हिवाळा एका अंधाऱ्या खोलीत बसून परक्या बायकांची तोंडं बघत काढला. ज्यांनी माझ्यासाठी एक अक्षर उच्चारलं नव्हतं त्यांचे ओठ पाठ केले. शिंप्याला शिव्या देणारीचेसुद्धा केले. आणि माझी बायको माझ्यापुढे उभी राहून, माझ्यासाठी, मला कळेल अशा बेताने बोलत होती, तेव्हा मी तिच्या बापाच्या मिशीकडे बघत होतो. मला भीती त्यांची होती म्हणून मी त्यांनाच बघत राहिलो. तुझ्याकडून मला भीती नव्हती, म्हणून तुझ्याकडे नजर गेलीच नाही. हे लिहिताना मला माझी इतकी चीड येतेय की टाक कागदात घुसतोय. आणि वर तुलाच विचारलं, तू आत काय करत होतीस. ते पत्र फाडून टाक, बिल्किसवहिनीकडे असेल तर तिला चुलीत घालायला सांग.

आता मी काय केलंय ते ऐक. मामांच्या नावे आज टपालाने वेगळं पत्र टाकलंय. शुक्रवारपर्यंत पोचेल. वर लिहिलंय की हे ओसरीवर, सगळ्यांसमोर, मोठ्याने वाचावं, लेकीसुनांसकट. आत एवढंच आहे की क्षयाच्या औषधाने मी ठार बहिरा झालोय, चिमाजीच्या हाका ऐकल्या नाहीत, मामांचा प्रश्न ऐकला नाही, काडी कशाची ते कळलं नाही, आणि माझ्या दाढेत मटण अडकलं होतं. विचारलेलं कळलं असतं तर मी नाही म्हणालो असतो. मामा वाचताना अडखळतील. पण एकदा वाचायला घेतलेलं पत्र ते मधेच सोडत नाहीत हे मला मुक्यांच्या वेळेपासून माहीत आहे. तू शपथ पाळलीस हे त्यात लिहिलेलं नाही. तुला माहीत होतं हे सांगायचं की नाही, ते तू ठरव.

रविवारी भावकी बसेल तेव्हा मी येतोय. पाटी बरोबर आणतोय. ज्याला काही विचारायचं असेल त्याने लिहून विचारावं, लिहिता येत नसेल त्याने चिमाजीकडून लिहून घ्यावं. मान डोलावणार नाही.

बांगडीवाल्याने पाडव्याची वाट न बघता सोमवारीच गाडी पाठवायचं कळवलंय. तीन मुके राहिलेत आणि रविवार एकच आहे. चाचा म्हणाले, सकाळपासून लावू, होतील. मी नको म्हणालो. अन्वर पैज जिंकला, पण तोंडावर काही दाखवत नाही. झाडू आणायला आजच गेला असता तर मला बरं वाटलं असतं.

आता तुझ्याशी एकच बोलायचंय. रविवारी मी आलो की तू दारामागे राहू नकोस. ओसरीवर ये, उजेडात बस, मामांना काय वाटायचं ते वाटू दे. मी कुणाकडेच बघणार नाही, फक्त तुझ्याकडे बघेन. बहिऱ्याचा संसार कसा असतो ते तू अजून बघितलेलं नाहीस. भाजीला दिलेली फोडणी चरचरली की नाही हे मला कळत नाही. पोर विहिरीकाठी ओरडलं तर मला ऐकू येणार नाही. रात्री तू आजारी पडून हाक मारलीस तर मी झोपून राहीन. या सगळ्याचा नीट विचार कर, कुणाची शपथ मधे आणू नकोस. मग तुला जे म्हणायचं असेल ते म्हण, सावकाश, आवाज काढला नाहीस तरी चालेल. आणि ‘नाही’ मलाच म्हणायचं असेल तर तेही म्हण. या वेळी मला दिसेल.

तुझा
ज्योतीराम